वाढीव भाराचे कारण

पहिलं बटण खाली केलं आणि पिंपाच्या तळाशी बारीक सूंऽ असा आवाज सुरू झाला. साठ लिटरचं स्टीलचं पिंप होतं. त्यात गूळ विरघळवलेलं पाणी, दोन किलो ठेचलेलं आलं, आणि खाली बाजूनं बसवलेल्या दोन कॉइल, प्रत्येकी तीन किलोवॅटच्या. पाच मिनिटं वाट पाहिली. मग धीर करून दुसऱ्या कॉइलचंही बटण खाली केलं. डोक्यावरचा बल्ब पिवळा पडला, मग तांबूस. शेजारी चालू असलेला मिक्सर रडका आवाज काढत थांबला.

"शालन!" कुंपणापलीकडून बायडाक्का ओरडली. "आगं काय लावलंयस काय? माझं वाटण आडकलं की!"

मी उत्तर द्यायच्या आत मीटरच्या पेटीत फट्‌ झालं. जळक्या रबराचा वास सुटला आणि आमच्या बोळातली सहाच्या सहा घरं बंद पडली.

अर्ध्या तासानं जालिंदर वायरमन सायकल भिंतीला टेकवून आत आला. त्यानं मीटरमागची वायर दोन बोटांत धरून पाहिली आणि माझ्याकडं वळला.

"बाई, ही वायर हाय का सुतळी?"

"घर बांधलं तेव्हाची आहे."

"घर बांधलं तवा तुमी दोन बल्ब आन एक पंखा लावला आसंल. एक किलोवॅटचं कनेक्शन हाय हे. तुमी त्याच्यावर सहा किलोवॅट वढताय. तिकडं खांबावरचा फ्यूजबी गेलाय." त्यानं पिंपात वाकून पाहिलं, वास घेतला. "ह्ये काय शिजवताय?"

"आल्याची बिअर."

त्याच्या हातातला टेस्टर तसाच राहिला.

सांगायला हवं, की मी एकवीस वर्षं साताऱ्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. आमचे विभागप्रमुख डॉ. रेगे परदेशातून शिकून आले तेव्हा त्यांनी एका बरणीत आल्याचं विरजण आणलं होतं. दह्याला लागतं तसंच, पण आलं आणि साखरेवर वाढणारं. त्यातून ते दर उन्हाळ्यात फसफसणारं, झणझणीत पेय बनवायचे. इंग्रजीत त्याला बिअरच म्हणतात. नशा काही नाही. मी स्वतः मोजलेलं आहे, अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. रेगेसर गेले, विभाग बंद झाला, मी मुदतीआधी निवृत्ती घेऊन गावी आले. येताना ती बरणी मांडीवर घेऊन आले. गाव कोरेगाव तालुक्यातलं, चहूबाजूंनी आल्याची शेतं. पाच लिटरच्या पातेल्यात, हॉटप्लेटवर मी बिअर करायची आणि बोळात वाटायची. लोकांना आवडायची. मग मला वाटलं, चैत्रातल्या भैरवनाथाच्या यात्रेत पाल लावावं. दोनशे बाटल्या. हे सगळं २००९ सालचं. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते आणि यात्रेला पाच आठवडे उरले होते.

"गॅसवर करा की," जालिंदर म्हणाला. "मोठी शेगडी मिळती भाड्यानं."

"माझ्या घरात गॅस नाही."

"मग चुलीवर. अंगणात तीन दगडं मांडा."

"जालिंदर, माझ्या घरात जाळ पेटत नाही. मला वीज पाहिजे."

 गावाला माझं हे ठाऊक होतं आणि सगळ्यांनी त्याला 'बाईंचं खूळ' असं नाव देऊन सोडून दिलं होतं.

"मग सोप्पं सांगतो," आवाज खाली आणून तो म्हणाला. "यात्रेपुरतं वरून आकडा टाकू. बोळातली निम्मी घरं आकड्यावरच हायती. मीटरला कळायचं न्हाई, कुणाला कळायचं न्हाई."

"नको."

"बाई, सरळ मार्गानं ह्ये हुणार न्हाई. संध्याकाळी हितं व्होल्टेज एकशेसत्तरवर येतंय. व्होल्टेज पाऊण झालं की कॉइलची ताकद निम्मी हुती. एका फेजवर तुमचं पाणी कोमट व्हईल, उकळायचं न्हाई. तुमाला तीन फेज घ्यायला लागंल. एक कॉइल एका फेजवर, दुसरी दुसऱ्यावर, आन घरातली लाइट तिसऱ्यावर."

"मग तीन फेज घेऊ. अर्ज कुठं मिळतो?"

त्यानं टेस्टर खिशात ठेवला. "तुमी ऐकायच्या न्हाईत," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन आला.

फॉर्म त्यानंच भरला, कारण त्याला सवय होती. नाव, शालन गोविंद फाळके. सध्याचा मंजूर भार, एक किलोवॅट. मागणी, आठ किलोवॅट, थ्री फेज. शेवटच्या रकान्यात 'वाढीव भाराचे कारण' असं छापलेलं होतं. तिथं त्यानं सवयीनं लिहिलं, 'शिलाई मशीन व पिठाची गिरणी'. मी पेन मागून घेतलं, त्यावर सरळ रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'घरी आल्याची बिअर बनवण्यासाठी पाणी उकळणे.'

"आता झालंच," जालिंदर म्हणाला.

वीज ऑफिसात धुमाळसाहेब नावाचे तरुण अभियंते होते. माणूस वाईट नव्हता. टेबलावर फायलींचे ढीग, वर खडखडणारा पंखा. त्यांनी अर्ज वाचत वाचत खाली आणला आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबले.

"मॅडम, हे काय लिहिलंय?"

"कारण."

"बिअर?"

"आल्याची. तिच्यात नशा नसते."

"नसेल ना. मग सरबत लिहा."

"सरबत आंबवत नाहीत, साहेब. आणि सरबताला सहा किलोवॅट लागत नाही."

ते हसले. मग खुर्ची पुढं ओढून समजुतीच्या आवाजात म्हणाले, "हे बघा, तुमचं गाव दारूबंदीचं. उद्या कुणी बोंब मारली की वीज ऑफिसानं बिअरच्या भट्टीला थ्री फेज दिलं, तर वर उत्तर मला द्यायचंय. वायरिंग नवी होणार, कागद पुरे. हा एक शब्द खोडा, सरबत लिहा, मी आत्ता तुमच्यासमोर सही करतो."

"आणि नाही खोडला तर?"

"तर सरपंचांचा ना हरकत दाखला आणा. बिअर बनवायला गावाची हरकत नाही म्हणून." त्यांनी अर्ज माझ्याकडं सरकवला. ही अट मी पुरी करू शकणार नाही असा त्यांचा हिशोब असावा. कारण आमची सरपंच कोण आहे ते त्यांना माहीत होतं.

आमची सरपंच होती बायडाक्का.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. आक्कानं घराघरात जाऊन बायकांना सांगितलं होतं, आडवीवर शिक्का मारा. तिचा नवरा त्याच दुकानाच्या पायरीवर मेला होता. मी तिच्याबरोबर दारोदार फिरले होते. त्यानंतर बायकांची राखीव जागा आली आणि आक्का सरपंच झाली. वयाच्या पन्नाशीत तिला अक्षरओळख मीच करून दिली, माझ्या ओट्यावर, पाटीवर.

दुपारी मी ग्रामपंचायतीत गेले. शिपाई जेवायला गेला होता. आक्का एकटीच मोठ्या टेबलामागं चष्मा लावून बसली होती. मी अर्ज पुढं ठेवला. ती शब्दाखाली बोट धरून वाचू लागली. बोट थांबलं.

"बि... अर," तिनं वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "ह्ये तू लिवलंयस?"

"हो."

"आन ह्येच्यावर मी हरकत न्हाई म्हणून लिवून दिऊ?"

"तू स्वतः प्यायली आहेस आक्का. चार वेळा. काय होतं त्यानं?"

"पेय काय का आसंना. मी शब्दाचं बोलती." तिनं अर्ज हातानं दूर सारला. "माझ्या शब्दावर दीडशे बायकांनी बाटली आडवी केली. नवऱ्याचा मार खाऊन मत द्यायला आलेल्या बायका हायत त्या. त्यांनी उद्या इचारलं, आक्का, तुझ्या सहीवर बिअर कशी, तर काय सांगू? आल्याची हाय गं बायांनो, म्हणू?"

"खरं तेच सांग."

"सरबत लिव्ह की गं! कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"आडमुठी हैस," आक्का म्हणाली. तिला राग आला होता, पण आवाजात माया होती, आणि ती मला जास्त टोचली. "एका शब्दानं काय हुतंय?"

तोपर्यंत मी उभीच होते. ते ऐकून मी समोरच्या बाकावर बसले.

"एका शब्दानं काय होतं ते मला विचार," मी म्हणाले. "आक्का, आमची पुष्पाताई कशानं गेली?"

आक्का गोंधळली. "आता ह्येच्यात पुष्पी कुठनं आली? स्टोचा भडका झाला न्हवं तिच्या सासरी. आख्ख्या गावाला ठावं हाय."

"त्या घरात स्टोव्ह नव्हता."

आक्कानं टेबलावर दोन्ही कोपरं टेकली आणि पुढं वाकली.

"आदल्या दिवाळीत मी तिच्याकडं आठ दिवस राहून आले होते. दोन चुली होत्या. एक आत, एक परसात. स्टोव्ह त्यांनी कधी घेतलाच नव्हता, सासूला त्याचा वास सोसायचा नाही. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ताई शुद्धीत होती. मला म्हणाली, शालन, रॉकेल त्यांनी ओतलं. दोनदा म्हणाली. संध्याकाळच्या आत गेली. मग एक हवालदार कागद घेऊन आला. सगळं लिहून तयार होतं. 'स्टोव्ह पेटवीत असताना अचानक भडका उडून.' शेवटी तिच्याजवळ असलेलं माणूस म्हणून खाली माझी सही पाहिजे होती."

"तुझी?"

"वडील शेजारी उभे होते. म्हणाले, गेलेली परत येत नाही. कोर्टात उभी राहिलीस तर तुला कोण करून घेईल? सही कर. मी एकोणीस वर्षांची होते. म्हटलं, तो एक शब्द तेवढा बदला, स्टोव्ह नव्हता तिथं. हवालदार म्हणाला, बाळ, एका शब्दानं काय होतं? आणि मी सही केली."

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. 

"ताईचा नवरा सुटला," मी म्हणाले. "वर्षाच्या आत त्यानं दुसरं लग्न केलं. ज्या लग्नासाठी माझ्याकडून सही घेतली ते मी केलंच नाही. त्यानंतर कुठल्याही कागदावर मी खोटं लिहिलेलं नाही. रेशनकार्डावर नाही, नोकरीत नाही. आता या पिंपासाठी तर नाहीच लिहिणार."

आक्कानं चष्मा काढला. "चोवीस वर्सं झाली," ती म्हणाली. "मी तुझी शेजारीण. दर दिवाळीला पुष्पीची आठवण काढली आन तू दर येळी मान हलवलीस."

"हो."

"मलाबी न्हाई सांगितलंस."

"नाही."

 मला वाटलं, आता ती पेन उचलेल. तिनं अर्ज उचलला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला.

"सही न्हाई करायची मी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तरीबी न्हाई. तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी."

मी घरी आले. त्या रात्री तिच्याकडून भाजीची वाटी आली नाही आणि माझ्याकडूनही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी वीज ऑफिसात गेले आणि तोच अर्ज धुमाळसाहेबांपुढं ठेवला.

"दाखला?"

"मिळाला नाही. तुम्ही अर्ज नामंजूर करा. फक्त कारण लेखी द्या."

"लेखी कशाला? तोंडी सांगतोय ना."

"मी लेखी अर्ज दिलाय साहेब. नकारही लेखीच पाहिजे. तोवर मी बसते."

भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. त्यावर मी बसले. पाच वाजता ऑफिस बंद झालं तेव्हा उठले. दुसऱ्या दिवशी भाकरीचा डबा घेऊन गेले. लोक येत होते, बिलांची भांडणं करत होते, मला विचारत होते, बाई, तुमचं काय? मी सांगायची, आल्याची बिअर करायला थ्री फेज पाहिजे. साहेब नाही म्हणत नाहीत आणि हो पण म्हणत नाहीत. लोक हसायचे आणि साहेबांच्या टेबलाकडं वळून बघायचे. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "चांगल्या घरची दिसता, हे शोभतं का?" मी त्यांना म्हणाले, "शोभतं." धुमाळसाहेब दुपारपासून माझ्याकडं बघायचं टाळू लागले. चार वाजता चहा आला तेव्हा त्यांनी शिपायाला सांगून मलाही पाठवला. मी घेतला. बाक सोडला नाही.

त्या संध्याकाळी जालिंदर फाटकाशी उभा होता. "बाई, अजून सांगतो, आकडा टाकू," तो म्हणाला. माझा चेहरा बघून त्यानं ते वाक्य अर्ध्यावरच गिळलं. "न्हाई तर राहू द्या. मी आर्थिंगचा खड्डा तरी खणून ठेवतो. लागंलच कधीतरी."

तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास दारात वडापची जीप थांबली आणि तिच्यातून बायडाक्का उतरली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पंचायतीच्या शिक्क्याची कापडी पिशवी. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. सरळ टेबलापाशी गेली.

धुमाळसाहेब उठून उभे राहिले. "या सरपंचबाई. दाखला आणलात?"

"न्हाई. मी देणार न्हाई."

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्याकडं हात केला. "बघा मॅडम. आता मी काय करू?"

"थांबा साहेब," आक्का म्हणाली. "माझं बोलून झालं न्हाई. घरात जादा लाइट घ्यायला सरपंचाची सही लागती, ह्ये कुठल्या पुस्तकात हाय? मला दावा. वाचता येतंय मला."

"तसं पुस्तकात म्हणजे... ही खबरदारी आहे."

"गेल्या साली वरच्या आळीला बंगला झाला. गार हवेच्या तीन एशी बसल्या. तवा माझ्याकडं कोण आलं न्हाई खबरदारी घ्यायला. त्येच्या कागदावर काय कारण लिवलंय ते मला ठावं न्हाई, पर तुमी ते इचारलं नसणार."

साहेब म्हणाले, "आक्का, तुम्हालाच तो शब्द पटत नाहीये ना?"

"न्हाई पटत! मी तिच्यासंगं त्यावरनं भांडलीय, आजून भांडीन. पर ते माझ्या गावात, माझ्या तोंडानं. तुमी माझं नाव पुढं करून तिला आडवू नका. तुमाला आडवायचं आसंल तर तुमच्या नावानं आडवा. नियम लिवा, खाली सही करा, मी पोच घिऊन जाती." तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि माझ्या बाकावर, पण मधे हातभर अंतर ठेवून, येऊन बसली. "तवर मीबी बसती."

मग आम्ही दोघी तिथं बसलो. वीस मिनिटं गेली असतील. धुमाळसाहेबांनी एक फाईल उघडली, मिटली, दुसरी उघडली. फोन उचलून कुणाशी तरी हळू बोलले. मग त्यांनी माझा अर्ज पुढं ओढला, वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला आणि सही केली. 'बिअर' हा शब्द होता तिथं होता.

"आठ दिवसांत मीटर बसेल," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मॅडम, झाली की एक बाटली आणून द्या."

परतीच्या वडापमध्ये आम्ही शेजारीशेजारी बसलो होतो. मोठा ओढा ओलांडल्यावर आक्कानं पिशवी मांडीवर घेतली.

"मी नवी नवरी आले तवा," ती बाहेर बघत म्हणाली, "मला हिरीची वाट पुष्पीनं दावली हुती. माझ्या डोक्यावरची घागर घितली आन म्हणाली, वैनी, हितं पाय घसरतो." मग बऱ्याच वेळानं, "शालन, कागद बदलता येतो का गं?"

"कुठला?"

"त्यो. हवालदाराचा."

"माहीत नाही. चोवीस वर्षं झाली."

"इचार की मग. बसायची सवय तर लागलीच हाय तुला."

मीटर नवव्या दिवशी बसला. जालिंदरनं खांबापासून घरापर्यंत जाड चार तारांची केबल ओढली, खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून आर्थिंगचा पाइप पुरला, आणि करंट गळला तर क्षणात सगळं बंद पाडणारा एक स्विच बसवला. "पाणी आन करंट एका भांड्यात आल्यावर मला झोप लागायची न्हाई," असं म्हणत त्यानं तो पाच वेळा दाबून पाहिला. मग मी दोन्ही बटणं खाली केली. बल्ब जसा होता तसा राहिला. कुंपणापलीकडं आक्काचा मिक्सर चालू होता, तो चालूच राहिला. एक तास आणि चार मिनिटांनी पिंपाच्या कडेनं बुडबुडे धरले, मग मधोमध पाणी वर आलं आणि खदखदा उकळायला लागलं. मी इतकं पाणी एका वेळी उकळताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. जाळ कुठंही नव्हता. मला हसू आलं आणि मग रडूही आलं. जालिंदर पक्कड शोधायच्या निमित्तानं बाहेर गेला.

यात्रेत पालावर मी मोठ्या अक्षरात पाटी लावली, 'आल्याची बिअर'. पहिल्या दिवशी ती कुणीतरी फाडली. मी दुसरी लावली. काही बायका तोंड फिरवून गेल्या, काही पोरंसोरं शिट्ट्या मारून गेली. आक्कानं माझ्या पालावर पाय ठेवला नाही. पण पाटी फाडणाऱ्याला देवळासमोर उभं करून तिनं जे ऐकवलं, ते अर्ध्या यात्रेनं ऐकलं. दोनशेतल्या एकशेदहा बाटल्या गेल्या. उरलेल्या आम्ही बोळात महिनाभर प्यायलो.

यात्रेनंतरच्या सोमवारी मी ताईच्या सासरच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेले. दोन पानं मी घरी स्वतःच्या अक्षरात लिहून नेली होती. ड्यूटीवरच्या माणसानं वाचली आणि म्हणाला, "आता याचा काय उपयोग बाई? तेव्हाचे साहेब नाहीत, डॉक्टर नाहीत, कागद सापडतील का तेही माहीत नाही. आणि खोट्या कागदावर सही केली म्हणून तुमच्यावरच काही आलं तर?"

"येऊ दे," मी म्हणाले.

मला तिथं दोन दिवस बसावं लागलं. मग त्यानं ती पानं घेतली आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. प्रकरण उघडलं नाही. उघडणार नाही हे मलाही दिसत होतं. एकदा चौकशीला माणूस आला, एकदा त्यांनी ताईच्या नवऱ्याला बोलावून घेतलं, एवढंच.

श्रावणातल्या एका सकाळी फाटकाशी एक म्हातारा उभा दिसला. धोतर, काठी, गालफडं आत गेलेली. मी चटकन ओळखलं नाही. त्यानं मला ओळखलं.

"शालन ना तू? तुम्ही?" तो म्हणाला.

पूर्वी मी त्याला दाजी म्हणायची. त्या दिवशी म्हटलं नाही. फाटक न उघडताच विचारलं, "काय काम आहे?"

"माझ्याविरुद्ध लिहून दिलंय म्हणे तुम्ही. या वयात मला ठाण्यात बसवलं. नातवंडं आहेत घरात." तो धापा टाकत होता. "एवढ्या वर्षांनी कशाला? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"ताईनं. दवाखान्यात."

 शेजारी आक्का तिच्या ओट्यावर शेंगा निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

"पुरावा काय आहे तुमच्याकडे?" तो म्हणाला.

"पुरावा नाही. मी आहे."

 मग त्यानं पाणी मागितलं. उन्हात उभा होता, म्हातारा होता. मी आतून तांब्याभर पाणी आणून फाटकावरूनच दिलं. तो सगळं प्यायला. तांब्या परत देताना हळूच म्हणाला, "तो कागद मागं घेता येत असेल. वडील तुमचे समजूतदार होते. तुम्ही एक सही केली की..."

"नाही," मी म्हणाले.

तो वळून एसटीच्या थांब्याकडं चालू लागला. वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी फाटकाशी उभी राहिले.